बिनपडद्याचा

कलिनाच्या गावठाणात, क्रॉसच्या मागच्या घरी
एस्पेरान्साबाईंनी पलंगाखालून तो ओढला, तेव्हा
आधी एक चप्पल आली, मग कॅरमचं स्टँड,
मग तो. धुळीनं केसाळ झालेला,
तीन तारा गंजक्या, चौथी नाहीच.

"बोनिफेसचा," म्हणाल्या. "माझा धाकटा.
मस्कतला हॉटेलात वाजवायचा.
एकदा सुट्टीत आला, जेवणाच्या टेबलावर याला आडवा घातला
आणि पकडीनं एकेक पडदा उपटला.
मी म्हटलं, मेल्या, एवढं महागाचं वाद्य!
तर म्हणतो, हे सगळे मला मधेच थांबवतात."

उपटलेले पडदे त्यांनी ठेवलेत, पावडरच्या डब्यात.
मी मोजले, सवयीनं. एकोणीस.
"वीस असतात," म्हणालो.
बाईंना वाटलं मी भाव पाडतोय.
हजार रुपये कमी केले.
नको म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

रिक्षातून त्याचं मुंडकं बाहेर.
रिक्षावाला म्हणाला, गिटार का?
म्हटलं, गिटारचा चुलता.
तो कुर्ल्यापर्यंत हसत होता.

मी पालिकेत नकाशे काढतो.
बावीस वर्षं रेघ म्हणजे रेघ:
इथून गटार, इथवर फूटपाथ,
आणि साहेब, तुमची भिंत चार इंच पुढे आलीय.
आता मांडीवर हे शिसवी, एकही रेघ नसलेलं.
ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं तरच दिसतात
भुसा आणि गोंद भरून बुजवलेल्या खाचा,
पोटावरच्या जुन्या टाक्यांसारख्या.

लॅमिंग्टन रोडवरून फवारा आणला, बटणांची करकर गेली.
लोहार चाळीत अ‍ॅलन की, इंचाच्या मापाची,
मिलिमीटरची बसेना.
मान पुढे वाकलेली. आतल्या सळईला पाव फेरा,
मग हात बांधून रात्रभर थांबायचं.
दुसऱ्या दिवशी अजून पाव.
तिसऱ्या दिवशी शलाका म्हणाली,
"आईच्या गुडघ्यासाठी एवढा धीर धरला असतास!"

चार स्क्रू काढून मान वेगळी केली,
तर खोबणीत दुमडलेलं व्हिजिटिंग कार्ड.
लग्न, नवजोत, ख्रिसमस बॉल. फोन नंबर सहा आकडी.
तारांची उंची जमावी म्हणून घातलेलं.
हे काय माप झालं? मी पत्रा कापला, कॅलिपर लावून.
तार भणभणली.
दुसरा कापला. तीच गत.
शेवटी कार्डच परत सारलं, त्याच घडीवर,
आणि चारही स्क्रू गुपचूप आवळले.

तारा नव्या, चपट्या वेढ्याच्या.
त्यांच्या किमतीबद्दल घरात बोलणं झालेलं नाही.

पहिले पंधरा दिवस सगळं बेसूर.
नजर खाचा शोधायची, बोट चुकायचं;
नजर खिडकीबाहेर, तरी बोट चुकायचं.
खालच्या नाडकर्णींनी लिफ्टमध्ये विचारलं,
घरात कुणाला बरं नाही का?

पहाटे पाच चाळीसला सोसायटीचा पंप लागतो.
दहा वर्षं शिव्या घातल्या त्याला.
परवा अ‍ॅम्प न लावता बसलो होतो,
हनुवटी लाकडावर टेकवून.
पहिली तार मोकळी सोडली: जी.
पंप तिच्याहून जरासा चढा,
पण जी शार्पच्या दारात न पोचलेला.
माझ्या जुन्या बेसवर हा सूर नव्हताच कुठे.
दोन पडद्यांमधल्या, सातबाऱ्यावर न चढलेल्या
त्या पट्टीत तो रोज पहाटे गुणगुणत होता.

दुसऱ्या तारेवर बोट ठेवलं. सरकवलं.
दोन आवाज एकमेकांवर डुलायला लागले,
जोरात, मग सावकाश, मग अगदीच सावकाश,
मग डुलायचे थांबले.
हाडातून कळलं, कानाला नंतर.

पेन्सिल कानामागे होतीच.
तेवढ्यात टाकी भरली, पंप बंद पडला,
आणि दचकून माझं बोट
जरासं घसरलं.